ग्रेगोर मेंडेल : एका नापास परीक्षार्थ्याचें चरित्र

दरवर्षीं परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांतून एक विशेष प्रकारची शांतता नांदूं लागते. एरव्हीं मधल्या सुटींत पटांगण दणाणून सोडणारीं मुलें पुस्तक डोळ्यांसमोर धरून भिंतीच्या कडेनें फेऱ्या घालतांना दिसतात. आणि ज्यांस पुढें वैद्यकीय किंवा शेतकी महाविद्यालयांत प्रवेश मिळवावयाचा आहे, त्यांच्या ओठांवर जीवशास्त्रांतील व्याख्या अखंड घोळत असतात. त्या पाठांतरांत तिनास एक आणि नवास तीन, तीन व एक हीं दोन प्रमाणें हमखास ऐकूं येतात. वाटाण्याच्या वेलावर हीं प्रमाणें ज्यानें प्रथम मोजलीं, त्या ग्रेगोर मेंडेलचें नांव घेतल्यावांचून जीवशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या दारांतून आंत जातां येत नाहीं. परंतु हा मेंडेल स्वतः ह्याच विषयाच्या परीक्षेंत नापास झाला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते.

म्हणून यंदाच्या अंकांत त्याचें चरित्र थोडक्यांत, पण जेथें विषय महत्त्वाचा तेथें अंमळ विस्तारानें, सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. परीक्षेंत उत्तम गुण मिळविणाऱ्यांनीं तें वाचावेंच. पण ज्यांस गुण कमी पडले, आणि ज्यांच्या घरीं त्यामुळें दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं, त्यांनीं व त्यांच्या आईबापांनींही तें अवश्य वाचावें.

मेंडेलचा जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यांत, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील सायलेशिया प्रांतीं, हाइन्त्सेनडॉर्फ नांवाच्या लहानशा खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. हें खेडें आज चेक प्रजासत्ताकांत मोडतें. मुलाचें पाळण्यांतील नांव योहान. बापाचें नांव आंटोन व आईचें रोझिना; व्हेरोनिका ही थोरली बहीण आणि टेरेसिया ही धाकटी. घरची शेती होती खरी, परंतु आठवड्यांतले तीन दिवस बापास जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबावें लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःची जमीन आणि फळझाडें यांची निगा राखावयाची, असा त्या घरचा क्रम होता. गांवचा पाद्री श्रायबर हा फळझाडांच्या कलमांचा मोठा शोकी. गांवच्या शाळेंत लिहिण्या-वाचण्याबरोबर फळझाडांची व मधमाश्यांची जोपासनाही शिकवीत. कलम कसें बांधावें, चांगल्या झाडाचा गुण दुसऱ्या झाडावर कसा आणावा, हें योहान लहानपणींच पाहत होता. पुढें ज्या प्रश्नानें त्याचें नांव अजरामर झालें, त्याचें बीं असें घराच्या परसांतच पडलेलें होतें.

मुलगा हुशार आहे, याला पुढें शिकवा, असें शिक्षकांनीं आईबापांस सांगितलें. अकराव्या वर्षीं त्यास लायपनिक येथील शाळेंत, व त्यानंतर त्रोपाऊ येथील हायस्कुलांत धाडण्यांत आलें. खाणावळीचा पुरा खर्च झेपेना. म्हणून अर्ध्या जेवणाचे पैसे भरावयाचे आणि गांवाहून येणाऱ्या माणसाबरोबर आईनें पाठविलेल्या पावावर उरलेली भूक भागवावयाची, अशी सोय होती. ह्या अर्धपोटीं शिक्षणांत १८३८ सालीं आणखी एक आघात झाला. वेठीचें काम करीत असतां झाडाचा मोठा ओंडका आंटोनच्या छातीवर पडला आणि तो कायमचा अधू झाला. घरून येणारी मदत आटली. सोळा वर्षांचा योहान इतर मुलांच्या शिकवण्या करून स्वतःचें पोट भरूं लागला. काळजीनें आणि उपासमारीनें त्याची प्रकृति ढासळली. तो अंथरुणास खिळला व कांहीं महिने घरीं येऊन राहिला. मनावर ताण पडला कीं शरीरानें अंग टाकावें, हा त्याचा दोष जन्मभर राहिला.

हायस्कूल संपवून तो ओल्म्युट्झ येथील तत्त्वज्ञानाच्या विद्यालयांत गेला. विद्यापीठांत प्रवेश हवा तर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागे. परक्या शहरांत शिकवण्या मिळेनात. पुन्हां आजार, पुन्हां घर. इकडे बापानें शेत थोरल्या जांवयाच्या स्वाधीन केलें होतें. योहाननें शिक्षण सोडून शेतावर यावें, असेंच कोणीही व्यवहारी मनुष्य म्हणाला असता. अशा वेळीं धाकटी बहीण टेरेसिया पुढें झाली. तिच्या लग्नाकरितां वडिलांनीं जो वांटा राखून ठेवला होता, त्यांतील कांहीं भाग तिनें आपण होऊन भावाच्या हातीं दिला. ज्या काळांत हुंड्यावांचून मुलीचें लग्न होणें कठीण, त्या काळांत हें देणें किती मोठें होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मेंडेल तें विसरला नाहीं. पुढें तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यानें उचलला, आणि त्यांपैकीं दोघे डॉक्टर झाले.

१८४३ सालीं अभ्यासक्रम पुरा झाला. पण पोटाची विवंचना सुटली नव्हती. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनीं, फ्रान्झ यांनीं, ब्रुन शहरांतील ऑगस्टिनियन मठाकडे त्याची शिफारस केली. आज ह्या शहरास ब्रनो म्हणतात. त्या वर्षीं ऑक्टोबरांत तो मठांत दाखल झाला व तेथें त्यास ग्रेगोर हें नांव मिळालें. हा मठ केवळ प्रार्थनेचें स्थान नव्हता. तेथील साधु शहरांतील शाळांतून शिकवीत. मठांत मोठें ग्रंथालय व वनस्पतींची बाग होती. ब्रुन हें लोंकरीच्या कापडाचें मोठें केंद्र असल्यामुळें चांगल्या लोंकरीच्या मेंढ्या कशा निपजतील, याची चर्चा तेथें नेहमीं चाले. मठाधिपति नाप यांस या चर्चेंत फार रस असे. आणि गुण वंशांत कसे उतरतात, हाच खरा प्रश्न आहे, हें त्यांनीं बऱ्याच आधीं ओळखलें होतें. तरुण मेंडेल अशा छत्राखालीं आला, हें त्याचें भाग्य.

१८४७ सालीं त्यास पाद्रीची दीक्षा मिळाली. परंतु रुग्णालयांत जाऊन दुखणाइतांचें व मरणोन्मुखांचें सांत्वन करणें त्याच्यानें होईना; त्यांचे क्लेश पाहून तो स्वतःच आजारी पडे. नाप यांनीं हें जाणलें आणि त्यास त्या कामांतून सोडवून १८४९ सालीं झ्नाइम गांवच्या हायस्कुलांत बदली शिक्षक म्हणून पाठविलें. तेथें तो रमला. मुलांस त्याचें शिकविणें आवडे. पण कायम शिक्षक व्हावयाचें तर व्हिएन्ना येथें सरकारी परीक्षा देणें भाग होतें.

१८५० सालीं, विद्यापीठाचें तोंडही न पाहिलेला हा शिक्षक स्वतःच्या बळावर अभ्यास करून त्या परीक्षेस बसला. पदार्थविज्ञानांत त्यानें परीक्षकांचें बरेंच समाधान केलें. परंतु भूगर्भशास्त्रांत आणि प्राणिशास्त्रांत तो कमी पडला. सस्तन प्राण्यांचें वर्गीकरण करून मनुष्यास त्यांचा उपयोग काय तें लिहावें, अशा अर्थाचा एक प्रश्न होता. मेंडेलनें शास्त्रीय नांवें न देतां प्राण्यांचीं व्यवहारांतलीं नांवें दिलीं, वर्ग भलतेच पाडले, आणि उत्तर फसलें. विद्यार्थिमित्रांनो, येथें अंमळ थांबा. परीक्षकानें अन्याय केला असें आम्ही म्हणणार नाहीं. उत्तर खरोखरच कच्चें होतें, आणि तें तसें ठरविणें हें परीक्षकाचें कामच होतें. परंतु त्याच मंडळांतील पदार्थविज्ञानाचे परीक्षक बाउमगार्टनर यांनीं ह्या कच्च्या उत्तरामागील पक्का मनुष्य पाहिला. याला ज्ञान कमी आहे, बुद्धि कमी नाहीं. याला विद्यापीठांत पाठवावें, असा त्यांनीं अभिप्राय दिला. नाप यांनींही तो मानला. एका नापास निकालाचा असा उपयोग करणारे दोन वडीलधारे मेंडेलला लाभले. असे वडीलधारे सर्वांच्याच वांट्यास येते, तर किती बरें झालें असतें!

१८५१ पासून १८५३ पर्यंत मेंडेल व्हिएन्नाच्या विद्यापीठांत होता. डॉप्लर हे त्यास पदार्थविज्ञान शिकवीत. ध्वनीच्या बाबतींत ज्यांचें नांव आपण आजही घेतों तेच हे डॉप्लर. एटिंग्सहाउझन यांजपाशीं तो गणितांतील संयोगांचा हिशेब शिकला. दोन किंवा अधिक वस्तु किती प्रकारांनीं एकत्र येऊं शकतात, हें काढण्याची ती रीत. वनस्पतिशास्त्रांत त्याचे गुरु उंगर हे होते. वनस्पतींचें शरीर पेशींचें बनलेलें आहे आणि वनस्पतींच्या जाति कालांतरानें बदलत आल्या आहेत, असें ते शिकवीत. एका बाजूस झाडें व दुसऱ्या बाजूस आंकडे, अशी दुहेरी तयारी करून मेंडेल परतला. वनस्पतींचे संकर त्यापूर्वींही पुष्कळांनीं केले होते. पण निपजलेल्या झाडांची नुसती वर्णनें न लिहितां तीं मोजावीं, ही बुद्धि त्यास झाली ती ह्या तयारीमुळें.

१८५४ पासून तो ब्रुनच्या रेआल शाळेंत पुन्हां बदली शिक्षक झाला. १८५६ सालीं तो परीक्षेस दुसऱ्यांदा गेला. प्रकृतीनें दगा दिला, आणि ह्याही खेपेस प्रमाणपत्रावांचूनच तो घरीं आला. त्यानंतर त्यानें परीक्षेचा नाद सोडला. एकंदर चौदा वर्षें त्या शाळेंत त्यानें शिकविलें, तें बदली शिक्षक म्हणूनच. मात्र ज्या १८५६ सालीं परीक्षेचें दार कायमचें बंद झालें, त्याच सालीं मठाच्या बागेंत त्यानें आपल्या प्रयोगांस आरंभ केला.

बागेचा हा तुकडा कांहीं मोठा नव्हता. लांबी सुमारें पस्तीस मीटर व रुंदी सात मीटर. आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं जेवढ्या जागेंत दोन-तीन वर्ग उभे राहतात, तेवढाच. प्रयोगाकरितां त्यानें वाटाणा निवडला, तो विचार करून. वाटाण्याच्या फुलांत खालच्या दोन पाकळ्या जोडून होडीसारखा आकार होतो, आणि त्या होडींत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही झांकलेले असतात. त्यामुळें त्याच फुलाचा पराग त्याच फुलास लागतो. बाहेरचा सहसा आंत येत नाहीं. संकर करावयाचा असेल तर कळी उमलण्यापूर्वीं ती अलगद उघडून पुंकेसर चिमट्यानें काढून टाकावयाचे, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावावयाचा, आणि किड्यांनीं घोटाळा करूं नये म्हणून फुलावर लहानशी पिशवी बांधावयाची. बियाणें विकणाऱ्यांकडून त्यानें चौतीस जातींचे वाटाणे मिळविले. दोन वर्षें नुसते पेरून ते आपल्या गुणास पक्के आहेत कीं नाहींत हें पाहिलें, आणि त्यांतील बावीस प्रयोगांसाठीं ठेवले. प्रयोगापूर्वींचीं हीं दोन वर्षें पुष्कळ लोक विसरतात. आम्हांस तर मेंडेलचा अर्धा मोठेपणा तेथेंच दिसतो.

त्यानें परस्परविरुद्ध अशा गुणांच्या सात जोड्या घेतल्या. दाणा गोल किंवा सुरकुतलेला; दाण्याच्या आंतील डाळ पिवळी किंवा हिरवी; फूल जांभळट किंवा पांढरें; शेंग फुगीर किंवा जागोजाग आंवळलेली; कोंवळी शेंग हिरवी किंवा पिवळी; फुलें बगलेंत किंवा शेंड्यावर; वेल उंच किंवा खुजा. एकावेळीं एकाच जोडीकडे पाहावयाचें, असा त्याचा नियम होता.

गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सगळे दाणे गोल आले. सुरकुतलेपणा जणूं नाहींसा झाला. परंतु हे गोल दाणे पेरून, त्यांच्या झाडांस आपोआप फळूं दिल्यावर जे दाणे आले, त्यांत एकाच शेंगेंत गोलांच्या शेजारीं सुरकुतलेले दाणे पुन्हां दिसले. मेंडेलनें ते सर्व मोजले : गोल ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. डाळीच्या रंगाच्या प्रयोगांत पिवळे ६,०२२ व हिरवे २,००१. उंच वेल ७८७, खुजे २७७. सातही जोड्यांत प्रमाण तेंच, सुमारें तिनास एक.

जो गुण पहिल्या पिढींत दिसतो त्यास प्रभावी, व जो लपतो त्यास अप्रभावी म्हणतात. पण प्रमाण तिनास एकच कां? मेंडेलचें स्पष्टीकरण असें. प्रत्येक गुणासाठीं झाडांत दोन घटक असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून. पराग किंवा अंड तयार होतांना ही जोडी फुटते आणि प्रत्येकांत एकच घटक जातो. संकरित झाडांत एक घटक गोलपणाचा व एक सुरकुतलेपणाचा असतो. ते एकमेकांत मिसळून जात नाहींत, तर शेजारीं शेजारीं अबाधित राहतात व पुढच्या पिढीच्या वेळीं पुन्हां वेगळे होतात. हाच विभक्तीकरणाचा नियम.

ज्यांस हें नुसतें वाचून पटत नसेल, त्यांनीं दोन नाणीं घ्यावींत. छापा म्हणजे प्रभावी घटक व कांटा म्हणजे अप्रभावी, असें समजावें. दोन्ही नाणीं एकदम शंभर वेळां उडवून निकाल वहींत टिपावे. सुमारें पंचवीस वेळां दोन्ही छापे, सुमारें पन्नास वेळां एक छापा व एक कांटा, आणि सुमारें पंचवीस वेळां दोन्ही कांटे येतील. जेथें एक तरी छापा आहे तेथें प्रभावी गुण दिसावयाचा. म्हणजे पंचाहत्तरांस पंचवीस, अर्थात् तिनास एक. प्रभावी दिसणाऱ्या तिघांतही एक शुद्ध व दोन संकरित असतात. मेंडेलनें हेंही तपासून पाहिलें. गोल दाण्यांचीं ५६५ झाडें वाढविलीं, तेव्हां त्यांपैकीं १९३ झाडांस केवळ गोलच दाणे आले, आणि ३७२ झाडांवर पुन्हां दोन्ही प्रकार निघाले. जें दिसतें तें आणि जें आंत आहे तें, हीं नेहमीं एकच नसतात. जीवशास्त्राच्या परीक्षेंत अर्धे गुण जातात ते हा भेद न कळल्यामुळें.

नंतर त्यानें दोन गुण एकत्र घेतले. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा यांच्या संकरापासून दुसऱ्या पिढींत ५५६ दाणे मिळाले. त्यांत गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१ आणि सुरकुतलेले हिरवे ३२. हेंच तें नवास तीन, तीन व एक. आकाराची वांटणी रंगाच्या वांटणीवर अवलंबून नाहीं, असा याचा अर्थ. मात्र हा दुसरा नियम सर्वत्र लागू पडत नाहीं. पेशींतील गुणसूत्र नांवाच्या धाग्यांवर हे घटक ओळीनें असतात, आणि एकाच धाग्यावर अगदीं जवळ असलेले घटक बहुधा बरोबरच जातात, हें पुढें मॉर्गन यांनीं अमेरिकेंत फळमाशीवर प्रयोग करून दाखविलें.

आठ वर्षांत सुमारें २८,००० झाडें मेंडेलनें तपासलीं. १८६५ सालच्या ८ फेब्रुवारीस व ८ मार्चला ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढें त्यानें आपला निबंध दोन भागांत वाचला. सभा भरली होती ती तो शिकवीत असलेल्या शाळेच्याच इमारतींत. चाळीसएक श्रोते होते. त्यांनीं शांतपणें ऐकलें आणि ते घरीं गेले. दुसऱ्या वर्षीं निबंध मंडळाच्या अहवालांत छापून शंभराहून अधिक संस्थांकडे गेला. मेंडेलनें चाळीस स्वतंत्र प्रती काढवून कांहीं विद्वानांस पाठविल्या. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेलेल्या प्रतीचीं जोडपानें तर पुढें कित्येक वर्षांनींही न कापलेलींच सांपडलीं.

म्युनिकचे अध्यापक नेगेली यांनीं मात्र उत्तर दिलें, व दोघांत सात वर्षें पत्रव्यवहार चालला. परंतु आंकड्यांचें मर्म नेगेलींस उमगलें नाहीं. त्यांचा स्वतःचा अभ्यास हॉकवीड नांवाच्या, सूर्यफुलाच्या कुळांतील एका रानटी वनस्पतीवर होता. मेंडेलनेंही तिजवर प्रयोग केले. तिचीं फुलें इतकीं बारीक कीं भिंगाखालीं काम करून त्याचे डोळे दुखावले; आणि निकाल वाटाण्याच्या अगदीं उलट आले. ह्या वनस्पतींत पुष्कळदां परागाचा संयोग न होतांच बीं धरतें, आणि म्हणून संतति सर्वस्वीं आईसारखी निपजते, ही गोष्ट त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हती. सत्य हातांत असतां, चुकीच्या झाडामुळें तें सर्वत्र लागू आहे कीं नाहीं याविषयीं त्यास शंका घ्यावी लागली. आलेले प्रतिकूल निकालही त्यानें लपविले नाहींत. १८६९ सालीं त्याच मंडळापुढें ते वाचले आणि पुढच्या वर्षीं छापले.

१८६८ सालीं नाप यांच्या पश्चात् मेंडेल मठाधिपति निवडला गेला. शाळा सुटली, बागेसाठीं वेळ उरेना. तरीही मधमाश्या व हवामानाच्या नोंदी यांचा छंद त्यानें सोडला नाहीं. १८७० सालीं ब्रुनवर आलेल्या वावटळीचें त्यानें लिहिलेलें शास्त्रीय वर्णन आजही वाचण्यासारखें आहे. १८७४ च्या कायद्यानें मठांवर कर बसला. तो कर अन्यायाचा आहे असें मेंडेलचें मत पडलें, आणि तो देण्याचें त्यानें साफ नाकारलें. इतर मठांनीं तडजोड केली. हा एकटा अखेरपर्यंत सरकाराशीं भांडत राहिला. ह्या भांडणानें त्याचें मन कडवट झालें व स्नेही दुरावले. हा हट्ट योग्य होता कीं नाहीं, याविषयीं वाचकांनीं आपापलें मत करावें. मोठ्या मनुष्याचें चरित्र म्हणून त्यांतील ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मूत्रपिंडाच्या विकारानें १८८४ सालीं ६ जानेवारीस, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, तो वारला. अंत्यविधीस पुढें प्रसिद्धीस आलेले संगीतकार यानाचेक यांनीं संगीताची योजना केली होती. शहरांतील गोरगरीब रडले. एक दयाळू मठाधिपति गेला म्हणून. एक शास्त्रज्ञ गेला, हें त्या जमावांत बहुधा कोणाच्याच मनांत आलें नसेल. त्याच्या खाजगी कागदपत्रांपैकीं पुष्कळ नंतर मठांत जाळण्यांत आले.

पुढें सोळा वर्षें लोटलीं. १९०० सालीं हॉलंडांत डी व्ह्रीस, जर्मनींत कोरेन्स व ऑस्ट्रियांत चेर्माक हे तिघे, प्रत्येक जण आपापल्या प्रयोगांवरून, त्याच नियमापाशीं येऊन पोंचले. आणि जुनें वाङ्मय चाळतां हें सर्व पस्तीस वर्षांपूर्वींच कोणी करून ठेवलें आहे, असें त्यांच्या दृष्टीस पडलें. यांतील कोरेन्स हे तर नेगेलींचेच शिष्य! इंग्लंडांत बेटसन यांनीं मेंडेलचा पुरस्कार केला व ह्या शास्त्रास नवें नांव दिलें. १९०९ सालीं योहान्सेन यांनीं घटकास जें नांव सुचविलें, त्यासच आपण मराठींत जनुक म्हणतों. १९३६ सालीं फिशर ह्या गणितज्ञानें मेंडेलचे आंकडे अपेक्षेशीं वाजवीपेक्षां अधिक जुळतात, अशी शंका काढली, आणि तिजवर पुष्कळ वाद झाला. परंतु वाटाणे पुन्हां पेरून ज्यांनीं ज्यांनीं मोजले, त्यांस नियम तोच मिळाला. दाणा सुरकुततो कां, याचें उत्तर १९९० सालीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं दिलें. त्या दाण्यांतील एका जनुकांत परका तुकडा घुसल्यामुळें पिष्ट नीट तयार होत नाहीं. साखर अधिक उरते, तिच्यामुळें पाणी अधिक शिरतें, आणि वाळतांना असा दाणा आक्रसतो.

हें सारें वाटाण्यापुरतें नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत, गडचिरोली व नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा विकार आढळतो. तोही अप्रभावी गुणाप्रमाणेंच वंशांत उतरतो. आई व बाप दोघेही दिसावयास निरोगी, पण दोघांतही एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यास तो विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. एक मूल आजारी झालें म्हणून पुढचीं तीन निर्धोक, असें नव्हे. नाणें प्रत्येक वेळीं नव्यानें उडविलें जातें. म्हणून विवाहापूर्वीं दोघांनींही रक्त तपासून घेणें शहाणपणाचें. तसेंच, अशा मुलाचा दोष एकट्या आईच्या माथीं मारणें सर्वथा खोटें आहे. एक घटक बापाचाही असतो. आणि मुलगा कीं मुलगी, हें तर बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावरच ठरतें. मुली झाल्या म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या घरांतून मेंडेलचा हा धडा अजून पोंचावयाचा आहे. तो तेथें पोंचविणें हें, परीक्षा उतरल्यानंतरही, आमच्या विद्यार्थ्यांचें काम आहे.

मेंडेलच्या चरित्रावरून परीक्षा निरुपयोगी ठरतात, असा अर्थ कोणी काढूं नये. नापास झाल्यामुळें तो मोठा झाला नाहीं. नापास झाल्यावर दोन वर्षें खऱ्या गुरूंपाशीं बसून शिकला, म्हणून झाला. तसेंच, श्रम केले म्हणजे फळ लागलीच पदरांत पडतें, असेंही आम्हांस सांगवत नाहीं. मेंडेलच्या हयातींत तें पडलें नाहीं. परंतु त्यानें मोजलेला प्रत्येक दाणा खरा होता, आणि खरें काम जाळलेल्या कागदांबरोबर जळत नाहीं. त्या कामामागें एका बहिणीचा हुंड्याचा वांटा होता, एका परीक्षकाची पारख होती, आणि एका वडीलधाऱ्याचा विश्वास होता, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

आपल्याकडे वाटाणा थंडींत येतो. पुढील वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर शाळेच्या विहिरीजवळच्या वाफ्यांत उंच व खुज्या जातीचे वाटाणे पेरण्याचा आमचा विचार आहे. ज्यांस चिमटा हातीं धरून, न कंटाळतां मोजावयाचें आहे, त्यांनीं आपलीं नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावींत. परीक्षेंतील गुणांची त्यासाठीं अट नाहीं.